नदी, तळं, खाडी वाचवायची आहे? निधी असा मिळवता येतो

पावसाळा आला की नवी मुंबईतले आपले तरुण झाडं लावतात, नाल्याकाठचं प्लास्टिक उचलतात. दोन रविवार काम जोरात चालतं, मग वर्गणी संपते आणि काम थांबतं. तळोज्याची कासाडी नदी असो की नेरूळचं डीपीएस तळं, हे काम वर्षानुवर्षांचं आहे. खिशातल्या पैशावर ते होत नाही. अनुदान मागावं लागतं, आणि मागण्याचीही एक पद्धत आहे.

हा आपला प्रश्न का?

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी तिथे थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. हे तलाव गाळाने भरले की पाणी वस्तीत शिरतं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, तरी २०२४ मध्ये डीपीएस तळ्यावर फ्लेमिंगो मेले. भरतीचं पाणी आत येण्याचा मार्ग अडल्याचा मुद्दा तेव्हा पुढे आला. कासाडीचं प्रदूषण तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

पैसा कुठे आहे?

पहिला मार्ग सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. त्यात पर्यावरण येतं. मात्र स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे. तो खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, हे बोलणी करताना ठाऊक असावं.

दुसरा मार्ग राज्याच्या कांदळवन कक्षाचा. खेकडापालन, शोभिवंत मासे अशा कामांसाठी २०१७ च्या योजनेत गटाला ९० टक्के, तर एकट्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. कांदळवन राखायचं आणि त्यावरच रोजीही कमवायची, असा हा हिशेब. कोकणातल्या आपल्या दालदी कुटुंबांनीही चौकशी करावी.

तिसरा मार्ग आपल्याच लोकांचा. आखातात नोकरी करणारे नातेवाईक भारतीय नागरिक असतील आणि स्वतःची बचत बँकेमार्फत पाठवत असतील, तर ती रक्कम एफसीआरएनुसार परदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र परदेशीच. ती एफसीआरएच्या परवानगीशिवाय घेऊ नका. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, म्हणून तळ्यासाठी सदका किंवा लिल्लाहची रक्कम मागा. शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारा.

कागद आधी, अर्ज नंतर

सीएसआरसाठी संस्थेकडे नोंदणी, १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ क्रमांक लागतो. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. बहुतेक मोहल्ला कमिट्या इथेच अडतात. खचू नका. अनुभवी संस्थेशी लेखी करार करा. अर्ज त्यांचा, जमिनीवरचं काम आपलं.

जागा कुणाची आहे, हेही आधी पाहा: महापालिका, सिडको की वनखातं? लेखी परवानगीशिवाय फावडं उचलू नका. कांदळवन आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला तर कोर्टाचं संरक्षण आहे. चांगल्या हेतूने केलेलं खोदकामही गुन्हा ठरू शकतं.

अर्जात काय लिहाल?

"आम्ही निसर्ग वाचवू" असं लिहून कुणी पैसे देत नाही. कोणता नाला, किती मीटर, कुठून कचरा येतो, वर्षाअखेर काय बदललेलं दिसेल, ते लिहा. नकाशा आणि तारखेसह फोटो जोडा. शाळेतली मुलं दर महिन्याला पक्षी मोजू शकतात, पाण्याचा रंग आणि वास नोंदवू शकतात. अशी वर्षभराची वही अर्जाला वजन देते. खर्चात देखभालीची रक्कम वेगळी दाखवा. रोपं लावणं सोपं, जगवणं महाग.

पहिला अर्ज छोटा ठेवा. पै-पैचा हिशेब द्या, पावत्या जपा. पुढच्या वर्षी देणगीदार आधी तोच हिशेब पाहतो.