पॉलीहाऊसमधला टोमॅटो : ठेव मोडण्याआधी हा हिशेब करा

टोमॅटो महाग झाला की त्यानंतरच्या काही आठवड्यांत शाखेत एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, दहा गुंठ्यांत पॉलीहाऊस टाकून टोमॅटो लावायचा आहे. मुदत ठेव मोडू का?" विचारणारा कधी शेतकरी असतो, कधी निवृत्त होऊन गावी परतलेला नोकरदार. ठेव बहुतेक वेळा मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी ठेवलेली असते. म्हणून "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी आम्ही कागद-पेन घेऊन बसतो. तोच हिशेब येथे मांडला आहे.

पॉलीहाऊस काय देते, काय देत नाही

पॉलीहाऊस म्हणजे लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर प्लास्टिकचा पारदर्शक कागद आणि बाजूंना कीडरोधक जाळी. आत गादीवाफे, ठिबक आणि वेल बांधायला तारा. पाऊस थेट झाडावर पडत नाही, त्यामुळे करपा आणि फळे तडकणे कमी होते. जाळी नीट असेल तर पांढरी माशी आणि तिच्यामार्फत पसरणारा पर्णगुच्छ विषाणू बराच आटोक्यात राहतो. उंच वाढणारे वाण सुतळीवर चढवून, फुटवे काढत राहिल्यास तोडे काही महिने चालतात.

पण काही गोष्टी पॉलीहाऊस देत नाही. उन्हाळ्यात आतले तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की फुले गळतात. बंद जागेत वारा कमी, म्हणून सकाळी तारा किंवा झाडे हलवावी लागतात, नाहीतर फळधारणा कमी होते. तेच पीक त्याच मातीत वारंवार घेतल्यास सूत्रकृमी वाढतात. प्लास्टिकचा कागद काही वर्षांनी बदलावाच लागतो. सर्वात महत्त्वाचे म्हणजे पॉलीहाऊस पिकाचे रक्षण करते, भावाचे नाही.

भाव कोणत्या दिवशीचा धरायचा?

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अनेक शहरांत टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या वर गेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव इतका कोसळला की नाशिक भागात शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. कोलार, मदनपल्ली, पिंपळगाव, नारायणगाव येथील उघड्या शेतांतला माल एकदम बाजारात आला की व्यापारी तुमचा टोमॅटो पॉलीहाऊसचा आहे म्हणून जास्त दर देईलच असे नाही. म्हणून दुकानातला भाव धरू नका. जवळच्या बाजार समितीतले किमान तीन वर्षांचे, महिन्यागणिक दर काढा आणि अडत, हमाली, तोलाई वजा करून हातात काय पडते ते पाहा.

दहा गुंठ्यांचा नमुना हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही स्वतःची दरपत्रके घेऊन ते बदला.

- सांगाडा, कागद, ठिबक, वाफे : १० लाख रुपये
- स्वतःचा वाटा २५ टक्के : २.५ लाख
- बँक कर्ज : ७.५ लाख, १० टक्के व्याज, ७ समान वार्षिक हप्ते. हप्ता सुमारे १ लाख ५४ हजार
- रोपे, खते, औषधे, मजुरी, वीज : वर्षाला १.५ लाख
- क्रेट, वाहतूक, बाजारखर्च : किलोला ३ रुपये
- कागद बदलण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम : वर्षाला २५ हजार
- विक्रीयोग्य उत्पादन : १० टन

वर्षाचा एकूण खर्च ३ लाख ५९ हजार. म्हणजे सरासरी ३६ रुपये किलो भाव मिळाला तरच तोंडमिळवणी होते. घरच्या माणसांचे श्रम यात धरलेलेच नाहीत. सरासरी २५ रुपये मिळाले तर वर्षाला १ लाख ९ हजारांचा खड्डा पडतो. १५ रुपये मिळाले तर हप्ता सोडाच, पिकाचा खर्चही निघत नाही.

अनुदानाने काय बदलते?

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून संरक्षित शेतीला साधारण ५० टक्के अनुदान मिळू शकते. मात्र ते ठरवून दिलेल्या मापदंड खर्चावर मोजतात, तुमच्या प्रत्यक्ष बिलावर नाही. समजा १० लाखांच्या कामात ८ लाख मान्य झाले, तर अनुदान ४ लाख. ते कर्जखात्याकडे वळते झाले तर प्रत्यक्ष कर्ज ३.५ लाख उरते, वार्षिक हप्ता ७२ हजारांवर येतो आणि तोंडमिळवणीचा भाव २८ रुपये होतो. फरक मोठा आहे. पण रोगाने उत्पादन ८ टनांवर आले तर तोच भाव पुन्हा ३४ रुपयांवर जातो.

येथे तीन ठिकाणी लोक फसतात.

१. पूर्वसंमतीआधी काम सुरू करणे. बहुतेक योजनांत असे काम अनुदानाला अपात्र ठरते.

२. अनुदान लगेच मिळेल असे धरणे. काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर ते येते. तोवर त्या ४ लाखांवरचे व्याज महिन्याला सुमारे ३,३०० रुपये चालू राहते.

३. योजनेनुसार अनुदान काही वर्षे राखीव खात्यात ठेवले जाते आणि शेवटी कर्जात वळते केले जाते, हे न विचारणे. ती रक्कम हातात खर्चायला मिळत नाही.

आता ठेवीचा प्रश्न

समजा तुमची एकुलती ठेव ४ लाखांची आहे. स्वतःचा वाटा २.५ लाख आणि पहिल्या पिकाचा खर्च १.५ लाख मिळून ती पूर्ण संपते. लागवडीनंतर पहिला तोडा यायला दोन महिन्यांहून अधिक काळ जातो. त्या दरम्यान घरात कोणी आजारी पडले तर हातात काही नाही. अशा वेळी सावकाराचे दार आठवते आणि चांगला चालणारा प्रकल्पही तिथेच बुडतो.

म्हणून घराच्या किमान सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम ठेवीतच राहू द्या. पिकाच्या खर्चासाठी किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा मागा. २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. थोड्या काळासाठी पैसे हवे असतील तर ठेव मोडण्याऐवजी ठेवीवर कर्ज घेता येते का, ते विचारा. मुदत कर्जाचा पहिला हप्ता पहिली विक्री झाल्यानंतर येईल अशी सवलतीची मुदत मंजुरीपत्रात लिहून घ्या. पीकविमा आणि सांगाड्याचा वादळविमा वेगवेगळे असतात, तेही तपासा.

हिशेब बसत नसेल तर मागे हटण्यात कमीपणा नाही. शेडनेट, मल्चिंग आणि ठिबक यांवर कमी भांडवलात सुरुवात करता येते. ढोबळी मिरची, काकडी यांचाही हिशेब मांडून पाहा. पॉलीहाऊस एकाच पिकाशी लग्न लावून बसत नाही.

"शेती आम्ही करू, पैसे तुम्ही द्या"

शहरातल्या खातेदारांसाठी एक वेगळा इशारा. पॉलीहाऊसमध्ये पैसे गुंतवा, दरमहा ठरावीक परतावा घ्या, अशा जाहिराती दिसतात. वरचा हिशेब पुन्हा वाचा : ज्या मालाचा भाव दोन महिन्यांत शंभरावरून मातीमोल होतो, त्यावर कोणी ठरावीक परतावा कशाच्या जोरावर देणार? अनेकांचे पैसे एकत्र करून असा व्यवसाय चालवणाऱ्या सामूहिक गुंतवणूक योजनेला सेबीची नोंदणी लागते. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. अशा योजनेत घातलेल्या पैशाला ते मिळत नाही.

शाखेत येताना आणा

सातबारा किंवा तुमच्या राज्यातला जमिनीचा उतारा, माती-पाण्याचा तपासणी अहवाल, दोन-तीन दरपत्रके, पूर्वसंमतीपत्र आणि बाजार समितीतले तीन वर्षांचे दर. सोबत एका कागदावर तुमचा तोंडमिळवणीचा भाव लिहून आणा. मागच्या तीन वर्षांपैकी किती महिने बाजारात त्याहून जास्त भाव होता, ते मोजा. त्या उत्तरावरूनच ठेवीला हात लावायचा की नाही ते ठरवा.