बिलात न दिसणारं गिऱ्हाईक आणि खडकीचा बसथांबा

तुमच्या दुकानातलं बिलिंग मशीन आणि पीएमपीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकीट मशीन, दोघांची खोड एकच. जे विकलं गेलं तेवढंच ते सांगतात.

खडकीचंच बघा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निगडीकडे जाणाऱ्या बस इथूनच जातात. शिवाय खडकी बाजार आहे, दारूगोळा कारखाना आहे, लष्कराच्या वर्कशॉप आहेत. म्हणजे गर्दी ठरावीक वेळेला एकदम येते. आता समजा, सकाळी बस भरून आली आणि थांब्यावरच्या पंधरा जणांपैकी चारच आत शिरले. मशीनमध्ये चार तिकिटं. उरलेले अकरा शेअर रिक्षाने गेले, त्यांची नोंद कुठेच नाही. महिन्याच्या शेवटी कागद म्हणतो, ‘या थांब्यावर मागणी कमी.’ मग फेरी कमी होते, आणखी लोक दुचाकी घेतात, आणि कागद खरा ठरतो! पासवाल्यांचं तर वेगळंच. दर वेळी पासची नोंद झाली नाही, तर रोज बसणारा माणूस हिशेबात येतच नाही.

दुसरी गंमत सरासरीची. कागदावर तासाला सहा बस आहेत. दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर सरासरी थांबावं लागतं पाच मिनिटं. पण सिग्नलला अडकून त्या दोन-दोनच्या जोडीने आल्या, तर तेच दहा मिनिटं होतं. बस तितक्याच, डिझेल तितकंच, प्रवासी मात्र वैतागलेला. हे तिकिटातून कळत नाही, बसमधल्या जीपीएसमधून कळतं. अशा वेळी नवीन बस घेण्याआधी वेळा सुधारायच्या असतात. (आपणही धंद्यात माणसं कमी पडली म्हणतो, आणि सगळे एकाच वेळी जेवायला गेलेले असतात!)

पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. दोन शहरांचे मार्ग एकाच हिशेबात बघता येणं हा त्यातला मोठा फायदा, असं मला वाटतं. तिकडे अमेरिकेत पोर्टलंडच्या बससेवेने २००५ मध्ये गूगलबरोबर वेळापत्रकाचा एक साधा नमुना तयार केला. नुसत्या तक्त्यांच्या फायली, पण आज जगभरची शहरं तोच वापरतात. सांगली-कोल्हापूरसारख्या शहरांनाही त्यासाठी फार खर्च नाही.

आता खडकीत गणित पुन्हा बदललंय. ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो इथून न थांबता जायची, २०२५ मध्ये खडकी स्थानक सुरू झालं. लांबचा प्रवासी मेट्रोकडे वळेल, पण स्थानकापासून बाजार किंवा कारखान्याच्या गेटपर्यंत छोटी बस लागेल. जुन्या तिकिटांच्या आकड्यात ही मागणी सापडणार नाही, कारण हा प्रवासच नवा आहे. तिथे माणूस उभा करून मोजावंच लागतं.

तुमच्यासाठी आठवड्याचं काम: काउंटरवर एक वही ठेवा. गिऱ्हाईक काही न घेता परत गेलं की एक रेघ, पुढे वेळ आणि त्याने काय मागितलं ते. कामगार उशिरा आला तर हजेरीत बसची वेळही लिहून घ्या. सात दिवसांनी वही आणि बिलं शेजारी ठेवून बसा, पुढच्या व्हिडिओत तीच उघडायची आहे.