शांत पाण्याची ओढ

आपल्याकडे फराळाचे डबे भरले जातात, त्या सुमारास ऑस्ट्रेलियात उन्हाळा तोंडावर आलेला असतो. परीक्षा संपल्या की विद्यार्थ्यांची टोळकी समुद्राकडे धाव घेतात. माझा भाचा सिडनीला शिकतो. गेल्या वर्षी तोही मित्रांबरोबर बाँडीच्या किनाऱ्यावर गेला. स्वारी मूळची मालवणची. तिला समुद्राची भीती ती काय असणार!

वाळूत लाल-पिवळी निशाणे रोवलेली होती. त्यांच्यामध्ये माणसांची गर्दी अन् फेसाळ लाटा. जरा पलीकडे मात्र पाणी कसे गडद आणि शांत! भाचेबुवा तिकडेच निघाले. जीवरक्षकाने शिटी वाजवून त्यांना परत बोलावले.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी ज्या वाटेने समुद्रात परतते, तिथे लाटा सहसा फुटत नाहीत. म्हणून ती जागा अनोळखी माणसाला निर्धोक भासते. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी याच किनाऱ्यावर लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांच्या परतत्या पाण्याने शेकडो माणसे आत ओढली. जीवरक्षकांनी शर्थ केली, तरी पाच जण दगावले.

परदेशी निघालेले विद्यार्थी माझा निरोप घ्यायला येतात. त्यांना मी आता एवढेच सांगतो : बाबांनो, निशाणांच्या मध्येच पोहा. ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. तरंगत राहा आणि हात वर करा. मदत मागण्यात कसला आलाय कमीपणा!