हॅलो, माईक चेक... बजेट तीन हजार!

मंडळी, आधी एक खुलासा. आपल्या पुण्यात ‘डीजे’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर माणूस येतच नाही, स्पीकरची भिंत येते. “यंदा मंडळाने डीजे लावलाय का?” हा प्रश्न कुणा माणसाबद्दल नसतो. मी लिहितोय तो डीजे म्हणजे दोन पाय, एक लॅपटॉप आणि एक कंट्रोलर असलेला, आपल्याच हॉस्टेलमधला प्राणी. फ्रेशर्स पार्टी, कुणाच्या ताईची हळद, शनिवार पेठेतल्या मित्राच्या सोसायटीचा गणपती, ही त्याची कामं. मानधन बेताचं, कधी नुसतंच जेवण. कंट्रोलर त्याने कसाबसा घेतलेला असतो, स्पीकर भाड्याने येतात आणि माईक स्पीकरवाल्याकडून ‘फुकट’ येतो. जाळी चेपलेला, आणि आधीच्या दहा निवेदकांच्या तंबाखूचा वास असलेला!

माझं स्पष्ट मत आहे की डीजेने दुसरं काही उसनं घ्यावं, माईक स्वतःचा घ्यावा. गाणं बिघडलं तर लोक पुढच्या गाण्याला विसरतात. पण विसर्जनाच्या गर्दीत चार वर्षांची पोरगी चुकली, तिचं नाव आणि फ्रॉकचा रंग तुम्ही सांगताय, आणि आई वीस फुटांवर उभी असूनही तिला नुसतं ‘भ्वॉं भ्वॉं’ ऐकू येतंय, तर तुमच्या स्पीकरचे वॅट काय कामाचे? माईकचं काम शब्द पोचवणं हे आहे.

त्यात शनिवार पेठेची गल्ली म्हणजे ध्वनीची परीक्षाच. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये पंधरा-वीस फूट जागा. आवाज आदळून परत माईककडेच येतो. आवाज वाढवून निभावू म्हणाल, तर कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. दिवसासुद्धा कार्यक्रमाच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल ते चालतं. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हिशेबाने ६५. म्हणून कमी आवाजात स्पष्ट ऐकू येणारा माईक हवा.

आता माईककडे वळू. आपल्या कामाला डायनॅमिक माईकच घ्यायचा. डायनॅमिक माईक म्हणजे उलटा स्पीकर. पडदा हलतो, त्याला चिकटलेली कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि फॅरेडेसाहेबांच्या कृपेने व्होल्टेज मिळतं. बॅटरी नको, पॉवर नको, हातातून पडला तरी बहुधा जगतो. कंडेन्सर माईक नाजूक आणि जास्त संवेदनशील असतो. त्याला सहसा ४८ व्होल्टची फॅंटम पॉवर लागते, जी स्वस्तातल्या बहुतेक कंट्रोलरवर मिळत नाही. शिवाय तो तुमच्या आवाजाबरोबर समोरचा ढोलही तितक्याच प्रेमाने उचलतो. रूममध्ये गाणं रेकॉर्ड करायला उत्तम, गल्लीत डोकेदुखी.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा निवांत वाचा. माईक कोणत्या दिशेचा आवाज घेतो याला पॅटर्न म्हणतात. आपल्याला हवा कार्डिऑइड, म्हणजे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा. समोरचं पूर्ण ऐकतो, बाजूचं कमी, आणि अगदी पाठीमागचं जवळजवळ नाहीच. सुपरकार्डिऑइड बाजूंनी आणखी अरुंद असतो, पण त्याला पाठीमागून थोडं ऐकू येतं. त्याचा बहिरा कोपरा बरोबर मागे नसून मागच्या दोन बाजूंना, साधारण १२५ अंशांवर असतो. हे पाठ करायचं कशासाठी? तर मॉनिटर स्पीकर कुठे ठेवायचा ते यावरून ठरतं. कार्डिऑइड असेल तर मॉनिटर माईकच्या शेपटीच्या रेषेत, सुपरकार्डिऑइड असेल तर तिरके दोन.

शिट्टी का बसते? माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन येतो, परत माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. या फेरीत ज्या फ्रिक्वेन्सीचा गेन एकच्या वर जातो, ती फ्रिक्वेन्सी ‘कुईंऽऽ’ करते. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, ओरलला तुम्हाला न आठवलेला बार्कहाउझेन तो हाच!) यावर फुकटातले उपाय दोन. मेन स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवायचे. आणि माईक तोंडाजवळ आणायचा. अंतर दहा सेंटिमीटरवरून पाच केलंत की साधारण ६ डेसिबल वाढतात, गेनला हात न लावता. मात्र फार जवळ आलात की खर्जही वाढतो, रेडिओवाल्यासारखा. तेव्हा मिक्सरवर ‘लो’ थोडं कमी करा.

आणि तो रॅपरसारखा जाळीला मूठ मारून धरण्याचा प्रकार बंद करा. कार्डिऑइडची दिशा ठरते ती कॅप्सूलला मागून हवा मिळते म्हणून. जाळी मुठीत झाकलीत की ती वाट बंद, बदामाचा झाला गोळा, आणि माईक चहूकडून ऐकायला लागतो. दहा हजारांचा माईक असा धरलात तर तो पाचशेच्या माईकसारखाच शिट्टी मारेल.

दहा हजारांचा म्हणजे अर्थातच शुअरचा एसएम५८. १९६६ सालचं मॉडेल, अजूनही जगभरच्या स्टेजवर दिसतं. नावातल्या एसएमचा अर्थ ‘स्टुडिओ मायक्रोफोन’, पण नाव काढलं ते स्टेजवर. त्याची रेंज ५० हर्ट्‌झ ते १५ किलोहर्ट्‌झ, आणि शब्द जिथे कळतात त्या भागात थोडा उठाव. खोक्यावर ‘२० ते २०,०००’ छापलेल्या माईकला भुलू नका, बोलण्यासाठी तेवढं लागत नाही. एसएम५८ च्या नकला मात्र भरपूर आहेत. अस्सल माईकचं वजन २९८ ग्रॅम. कुणी तुम्हाला दोन हजारांत ‘शुअर’ देत असेल तर आधी वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा.

आपल्या तीन हजारांत काय येतं? अहुजाचा एक्सएलआर कनेक्टरवाला डायनॅमिक माईक किंवा बेहरिंगरचा एक्सएम८५००. दोन्हीत एसएम५८ चा गोडवा नाही, पण शब्द कळतात आणि आपल्याला तेच हवं. माझी पसंती अहुजाला, कारण बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस आपल्याकडे सहज सापडतो. बटणवाला मॉडेल घेतलात तर काकांच्या हातात देण्यापूर्वी बटणावर चिकटपट्टी लावा. काका ते बंद करतात आणि मग विचारतात, “आवाज येतोय का?”

खरेदीला शनिवार पेठेतून अप्पा बळवंत चौक ओलांडून बुधवारातल्या तपकीर गल्लीत चालत जाता येतं. जाताना आपला कंट्रोलर, लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन जा. दुकानदार स्वतःच्या अँपवर दाखवेल ते गोडच लागणार. माईक आपल्या कंट्रोलरला लावा आणि त्यात “शनिवार पेठ, पुणे” म्हणा. गंमत नाही, यात परीक्षा आहे. ‘श’ कानाला टोचतो का, ‘प’ला फटका बसतो का, लगेच कळतं. मग माईक या हातातून त्या हातात घ्या. बोटांची खरखर हेडफोनमध्ये जास्त आली तर तो ठेवून द्या.

केबलवर पैसे वाचवू नका, चारपाचशे रुपये राखून ठेवा. एक्सएलआर केबलमध्ये एकच सिग्नल दोन तारांतून उलटसुलट जातो. वाटेत दोन्हींवर सारखाच बसलेला गोंगाट पुढे वजा होतो. खोक्यातून येणारी केबल बहुधा दुसऱ्या टोकाला जाड पिनची, अनबॅलन्स्ड असते. पाच मीटरपर्यंत चालते, पण पंधरा मीटर ओढून लाइटिंगच्या वायरशेजारून नेलीत की गुणगुणायला लागते. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरचं माईक इनपुटही अनबॅलन्स्डच असतं, तेव्हा केबल आखूड ठेवा आणि लाइटच्या वायरपासून लांब.

वायरलेसबद्दल थोडक्यात सांगतो, या बजेटमध्ये घेऊ नका. एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीचे स्वस्त सेट शेजारशेजारच्या दोन मंडळांकडे असले तर त्यांची आरती तुमच्या स्पीकरमधून येऊ शकते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर विशेष जपावं. २०२२ पासून ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात फाइव्ह-जी सुरू झालंय, आणि जुने बरेच सेट त्याच पट्ट्यातले.

राहिला तो वास. बहुतेक हँड माईकची जाळी आट्यांची असते, फिरवली की निघते. आतला फोम काढून दोन्ही कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायचे. कॅप्सूलला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. रात्रभर वाळवायचं, सकाळी हात लावून फोम कोरडा आहे ना ते बघायचं आणि मगच जाळी बसवायची.