विजेची छोटी गाडी : वस्तीला खरेच परवडेल का?



गेल्या काही महिन्यांत मंडळीतल्या दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला : "ईट परिसरातल्या पारधी कुटुंबांसाठी विजेवर चालणारा एक छोटा टेम्पो घेऊन दिला, तर?" प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. एका वस्तीतल्या तरुणाने काही वर्षांपूर्वी खाजगी कर्ज काढून जुना डिझेल टेम्पो घेतला होता. बाजाराच्या दिवशी शेळ्या आणि भाजी भरून तो जाई आणि चार पैसे मिळवी. बाकीचे दिवस गाडी लिंबाखाली उभी असायची. हप्ता मात्र उभा राहत नव्हता. वर्षभरात गाडी ओढून नेली. त्याचे वडील मला म्हणाले, "भाऊ, गाडी नव्हती तवा नुसती गरिबी होती. गाडी आली अन् वर कर्ज बसलं." गाडी चांगली होती आणि मुलगाही कष्टाळू होता. चुकला तो हिशेब.

साधेपणाची ओढ

2005 मध्ये टाटांची एस गाडी आली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' नाव दिले. दोन सिलिंडरचे लहान इंजिन, पुढे दोघांची जागा, मागे उघडा हौदा; एवढेच. बैलगाडीच्या वाटेने जाणारी आणि गावच्या मिस्त्रीला समजणारी गाडी म्हणून ती खेडोपाडी पोहोचली. 2022 मध्ये तिची विजेवरची आवृत्ती आली. 2025 च्या जूनमध्ये आणखी लहान 'एस प्रो' आली. तिची विजेवरची गाडी 750 किलो माल वाहते. तीनचाकीत महिंद्राची ट्रिओ झोर आणि पियाजिओची विजेवरची आपे आहे.

विजेच्या गाडीला इंजिन ऑइल, क्लच, गिअर बदलणे, सायलेन्सर यांपैकी काही नाही. उतारावर पाय सोडला की मोटरच थोडी वीज बॅटरीत परत भरते. बालाघाटाच्या चढउतारात याचा उपयोग होतो. आवाज नसल्याने शेळ्याही बिथरत नाहीत.

अमेरिकेतही 2025 मध्ये स्लेट नावाच्या कंपनीने अशीच साधी विजेची गाडी दाखवली : रंग नाही, रेडिओ नाही, काच हाताने फिरवून खाली करायची आणि पुढे हवे ते जोड आपणच बसवायचे. तिथे ही नवलाई ठरली. आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानात हे काम कितीतरी वर्षे चालू आहे.

हिशेब

एस प्रोची पेट्रोल गाडी बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत 3 लाख 99 हजार होती, विजेवरची 6 लाख 50 हजार. म्हणजे अडीच लाख जास्त. ते भरून कसे निघतात?

विजेच्या गाडीची बॅटरी 14.4 युनिटची आहे. भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर 16 युनिट धरू. कंपनी एका चार्जिंगवर 155 किलोमीटर सांगते. ओझे आणि चढ लक्षात घेऊन आपण 100 धरू. युनिटला 10 रुपये धरले, तर 100 किलोमीटरला 160 रुपये लागतात. पेट्रोलची गाडी लिटरला 18 किलोमीटर गेली आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर तेवढ्याच अंतराला सुमारे 580 रुपये. दर 100 किलोमीटरमागे 420 रुपये वाचले.

गाडी रोज 60 किलोमीटर, महिन्यात 25 दिवस फिरली, तर महिन्याला 6,300 रुपये वाचतात. जास्तीचे अडीच लाख साधारण 40 महिन्यांत निघतात. पण ती फक्त बाजारासाठी महिन्यात आठ खेपा, 40 किलोमीटरच्या, करत असेल, तर वाचतात जेमतेम 1,350 रुपये. मग अडीच लाख निघायला पंधरा वर्षे लागतील. कर्जाचे व्याज तर यात धरलेलेच नाही. विजेची गाडी उभी राहिली की पेट्रोलच्या गाडीपेक्षा महाग पडते.

रोजचे काम हौद्यातून येते

एका कुटुंबाकडे रोज 60 किलोमीटरचे काम नसते. पाच-सहा कुटुंबांकडे मिळून असू शकते. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. त्यांना सकाळी दूध हवे असते आणि दुपारी खवा वेळेत बाहेर जायला हवा, नाहीतर तो खराब होतो. शेळ्या बाजाराच्या दिवशी, भाजी एक दिवसाआड, उन्हाळ्यात पाणी. प्रत्येक मालाला वेगळा हौदा लागतो. म्हणून हौदा बदलता येणे ही चैनीची गोष्ट नाही, तिच्यावरच गाडीचे पोट चालते.

शेळ्यांसाठी खिळ्यांऐवजी पिनांवर बसणारी उंच जाळी, खाली रबरी चटई आणि मध्ये एक आडफळी. दुधासाठी कॅन न हलणारी चौकट. खव्यासाठी थर्माकोल लावलेली झाकणाची पेटी. वर कमानी आणि ताडपत्री. सगळे सुटे हवे, दोन माणसांनी दहा मिनिटांत काढण्याजोगे.

करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. जाळी 80 किलोची झाली, तर 750 मधून 670 किलोच माल उरतो. म्हणून हलका पाइप वापरावा. बॅटरी आणि जाड तारा हौद्याखाली असतात, म्हणून चॅसीवर वेल्डिंग किंवा भोके नकोत; वॉरंटी जाते आणि जिवालाही धोका. आणि गाडीचा मूळ आकार बदलायचा असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्यावी, नाहीतर अपघातानंतर विमा अडतो.

आणखी एक अवघड गोष्ट. वस्तीत गाडी आली की लोक हौद्यात बसून दवाखान्याला, लग्नाला जाणारच. मालवाहू गाडीत माणसे नेणे बेकायदा आहे. नाही म्हणण्याचे ओझे चालकावर एकट्याने पडू नये, म्हणून हा नियम पहिल्याच बैठकीत सर्वांनी ठरवलेला बरा.

गाडीच्या आधी काय द्यावे

रात्री गाडी कुठे भरणार? घरगुती जोडणी, चांगले अर्थिंग आणि 16 अँपियरचे सॉकेट असेल, तर पाच-सहा तासांत बॅटरी भरते. शेतीपंपाच्या जोडणीवर भरता येत नाही. अनेक पारधी घरांकडे स्वतःच्या नावाचे मीटरच नाही, कारण जागेचा कागद नाही. जातीचा दाखला नसेल, तर शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाचे कर्जही मिळत नाही आणि तरुण पुन्हा खाजगी सावकाराच्या दारात जातो. परवान्याची अडचण मात्र कमी आहे : साध्या एलएमव्ही लायसन्सवर ही गाडी चालवता येते, आणि बॅटरीवरच्या गाड्यांना 2018 पासून वेगळे परमिट लागत नाही.

म्हणून माझे उत्तर असे. गाडी आज देऊ नये. आधी मीटर, दाखले आणि दोन तरुणांची लायसन्स यांना हात द्यावा. कुटुंबांनी एक महिना वहीत लिहावे : कोणता माल, किती किलो, किती किलोमीटर, किती भाडे दिले. त्याच महिन्यात भाड्याची गाडी लावून खेपा करून पाहाव्यात. वहीत रोजचे 60 किलोमीटर भरले, तर मी स्वतः तुमच्याकडे झोळी घेऊन येईन.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणारा माणूस आपण शुभवर्तमानात वाचला आहे. त्या लिंबाखाली दुसरी गाडी उभी राहू नये, एवढ्यासाठी हा हिशेब मांडला.