नाचणीवर आळ कशाला?

‘कॅल्शियम स्कोअर २१० आला, तेव्हापासून दूध, नाचणीचं सत्त्व, हाडांच्या गोळ्या, सगळं बंद केलंय.’ हृदयाच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवत शेजारच्या काकू सांगत होत्या. वय ६४, उठताना गुडघ्यावर हात. बोअरच्या पाण्याचा क्षार जसा नळात धरतो, तसं खाल्लेलं कॅल्शियम धमनीत धरतं, हा त्यांचा समज. तो इतक्यांदा कानावर येतो की आता चीड येते. यात दूध सुटतं आणि खरं दुखणं तसंच राहतं.

वस्तुस्थिती अशी. रक्तातलं कॅल्शियम शरीर साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एवढंच ठेवतं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं ते कामच आहे. आहारातून कमी पडलं, की त्या हाडांतून काढून घेतात. काकूंनी दूध सोडलं, त्याची वसुली त्यांच्या हाडांतून होणार!

मग धमनीत कॅल्शियम साचतं कशामुळे? आधी एलडीएल कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तराखाली शिरतं. तिथे सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली, की भिंतीतल्या स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि रक्तातलं नेहमीचंच कॅल्शियम तिथे बसतं. स्कॅनमधले पांढरे ठिपके हे त्या जुन्या जखमेचे वण. ते मोजायची पद्धत आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. हे वण किरकोळ समजू नका. अमेरिकेतल्या ‘मेसा’ अभ्यासात (२००८) ३०० च्या वर स्कोअर असलेल्यांना शून्य स्कोअरवाल्यांपेक्षा हृदयविकाराचा धोका सुमारे दहापट आढळला.

त्याच ‘मेसा’च्या २०१६ च्या निष्कर्षांत, आहारातून भरपूर कॅल्शियम घेणाऱ्यांच्या धमन्यांत नवं कॅल्शियम कमी दिसलं, गोळ्या घेणाऱ्यांत मात्र थोडं जास्त. म्हणून गोळ्या मनाने सुरू करू नयेत, मनाने बंदही करू नयेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं गणित वेगळं असतं. त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं.

आणखी काही समज:

‘स्कोअर शून्य, म्हणजे सुटलो.’ धोका कमी, हे खरं. पण कॅल्शियम न धरलेला मऊ थर या तपासणीत दिसत नाही. छातीत दुखत असेल, तर शून्यावर विसंबू नका.

‘स्टॅटिनने स्कोअर वाढला, गोळी बाधली.’ स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधामुळे मऊ थर घट्ट होतो, त्याने स्कोअर चढू शकतो. हृदयविकाराच्या झटक्याचा धोका मात्र घटतो.

‘चिलेशनच्या सलाइनने कॅल्शियम विरघळतं.’ आधी झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवरच्या ‘टॅक्ट-२’ चाचणीत (२०२४) झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. हे पैसे वाचवा.

काकू, नाचणीचं सत्त्व उद्यापासून पुन्हा सुरू करा. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर यांबद्दल विचारा. घरात कुणी तंबाखू खात किंवा विडी ओढत असेल, तर बंद करायची गोष्ट ती आहे.