बुटके डोंगर कुठे गेले?

एक कोडं घालू?

पवना धरणाच्या तळ्याभोवती चार किल्ले आहेत. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना. या चौघांत सगळ्यांत उंच कोण?

थांब, घाई नको! नुसतं बघून सांगताच येत नाही. कारण चौघांचेही माथे समुद्रसपाटीपासून 1,000 ते 1,100 मीटरच्या आत-बाहेरच आहेत. लोहगड 1,033 मीटर. विसापूर 1,084 मीटर. फरक किती? जेमतेम 51 मीटर!

आता तुझ्या वर्गाची रांग आठव. कोणी बुटकं, कोणी उंच, कोणी मध्यम. सगळे एकाच मापाचे असतात का? कधीच नाही! मग हे चार वेगवेगळे डोंगर जवळजवळ एका उंचीचे कसे? बुटके डोंगर गेले कुठे?

उत्तर सांगते, पण त्यासाठी आपल्याला तिथे जायला हवं. लांब नाही गं, किंवा रे! चाकणजवळच्या आपल्या महाळुंग्याहून चाकण-तळेगाव रस्त्याने तळेगाव गाठायचं. तिथून लोणावळ्याची लोकल. वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली. मळवलीला उतरलं की समोरच डोंगर! पायवाट भाजे गावातून वर चढते आणि गायमुख खिंडीत पोहोचते. खिंडीच्या एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर.

जुलै 2025 मध्ये लोहगड जगाच्या वारसा यादीत गेला, माहीत आहे? युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले निवडले, त्यांतला एक आपला शेजारी!

लोहगडाच्या पायऱ्या चढताना दरवाजे लागतात. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि शेवटी महादरवाजा. आणि वर पोहोचल्यावर दिसते एक लांबलचक, निमुळती सोंड. तिचं नाव विंचूकाटा! खरंच, गड विंचवासारखा बसलाय आणि त्याने नांगी लांब केलीय असं वाटतं.

वरून पवनेचं निळं पाणी दिसतं. पलीकडे तुंगाचा सुळका, तिकोन्याचा त्रिकोण. आता नीट बघ. या माथ्यांवरून मनातल्या मनात एक दोरी ताण. इकडून तिकडे, तिकडून पलीकडे. दोरी जवळजवळ सपाट राहते!

का? कारण एकेकाळी ती दोरी म्हणजे जमीन होती!

हो! आज तू जिथे मोकळी हवा बघतेस किंवा बघतोस, जिथून घार घिरट्या घालत जाते, तिथे सगळा दगड होता. सलग पठार. हे डोंगर खालून वर आलेच नाहीत. त्यांच्या आजूबाजूची जमीन झिजून खाली गेली! उरले ते चार तुकडे. एकाच पठाराचे तुकडे, म्हणून उंची एक.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तर हसायलाच लागले. आपण डोंगर चढतो म्हणतो, पण खरं तर आपण जुन्या जमिनीवर परत जात असतो!

ते पठार आलं कुठून? ही गोष्ट आणखी भारी आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून लाव्हा वर आला. लाव्हा म्हणजे वितळलेला, लालभडक दगड. तो पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा लाव्हा आला, पसरला, थंड झाला. पुन्हा. पुन्हा. पुन्हा!

आई भाकऱ्या करते तेव्हा टोपलीत एकीवर एक चवड रचली जाते ना? अगदी तशी. फक्त इथली एकेक भाकरी कित्येक मीटर जाडीची आणि मैलोन्‌मैल पसरलेली! आज उरलेली ही चवड सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरली आहे. म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठी! आणि हो, डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले तोही साधारण हाच काळ.

आता चवडीतल्या सगळ्या भाकऱ्या सारख्या नसतात. काही कडक, काही नरम. लाव्हाच्या थरांचंही तसंच. काही थर म्हणजे काळा, घट्ट कातळ. काहींत लाव्हातल्या वाफेचे बुडबुडे अडकले आणि दगड भोकाभोकांचा झाला. तो लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो.

आणि पाऊस तर बघायला नको! लोणावळ्याच्या बाजूला वर्षाकाठी 4 मीटरच्या आसपास पाऊस पडतो. सगळं पाणी एका जागी साठवलं तर तुझ्या वर्गाचं छत बुडेल! महाळुंग्यात आपण छत्री मिटतो, तेव्हा तिकडे धो धो चालूच असतो. कोट्यवधी वर्षं हे पाणी नरम थर ओरबाडत राहिलं. नरम थर गेला की त्यावरचा कडक थर अधांतरी होतो आणि तुटून पडतो. तुटला की काय उरतं? उभा, ताठ कडा!

म्हणूनच आपल्या डोंगरांना पायऱ्या-पायऱ्यांचा आकार आहे. उभा कडा, मग तिरका उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. वाट चढताना तुझ्या पोटऱ्यांनाही ते कळतं. उतारावर आपण गप्पा मारत जातो. कड्याशी आलो की गप्पा बंद, दोन्ही हात दगडाला!

बरं, वाटेत दगडांकडे बघत चल. भोकाभोकांच्या दगडात कधी पांढरे, चमचमणारे स्फटिक दिसतात. बुडबुड्यांच्या रिकाम्या घरात नंतर पाणी झिरपलं, त्यातले क्षार साठत गेले आणि हे स्फटिक तयार झाले. पुण्याच्या आसपासचे असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत! तू मात्र बघून पुढे जा हं. हातोडी घरीच!

कधी दोन कड्यांच्या मध्ये लाल पट्टा दिसतो. ती माती आहे. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती तयार झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून गेला. पोळीच्या तव्याला हात लागल्यावर आपण तो पटकन मागे घेतो. ती बिचारी माती कुठे जाणार!

किल्ले बांधणाऱ्यांना हे कडे फार आवडले असणार. विचार कर, आपल्या चाकणलाही किल्ला आहे, संग्रामदुर्ग. पण तो भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा. त्याला भिंती बांधाव्या लागल्या, भोवती खंदक खणावा लागला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली तो मोगल सरदार शाएस्तेखानाच्या मोठ्या फौजेशी कसा झुंजवला, ते तुला शाळेत सांगतीलच. लोहगड-विसापूरला मात्र अर्ध्याहून जास्त तटबंदी पावसानेच करून दिली होती. फुकट!

आणि वर प्यायला पाणी? कातळात टाकी खोदली की पावसाचं पाणी साठतं, काळा कातळ ते सहजासहजी मुरू देत नाही. लोहगडावर तर एक तळं सोळा कोनांचं आहे! ते पेशवाईतल्या नाना फडणवीसांच्या काळातलं. गेलीस किंवा गेलास तर कोन मोजून बघ. निम्मे मोजून झाले की कुठून सुरुवात केली तेच विसरायला होतं!

अरे, पण खालचं मोठं तळं राहिलंच की!

हिमालयात किंवा आल्प्स पर्वतात उंचावर निळी तळी असतात. ती बर्फाने केलेली. बर्फाची जाड नदी हळूहळू सरकते आणि खालचा दगड खरवडून वाटीसारखा खड्डा करते. बर्फ वितळला की वाटीत पाणी. आपल्या सह्याद्रीत अशी बर्फाची नदी नव्हती. मग वाटी कोण करणार? इथल्या दऱ्या उतरत्या. घसरगुंडीवर पाणी ओतून बघ, थांबतं का?

म्हणून माणसांनी घसरगुंडीला आडवी भिंत घातली. पवना धरण! ते साधारण 50 वर्षांपूर्वीचं. म्हणजे भोवतीचे डोंगर कोट्यवधी वर्षांचे आणि तळं बहुतेक तुझ्या आजोबांपेक्षाही धाकटं!

पण दरी काही रिकामी नव्हती. तिथे गावं होती, शेतं होती. त्या घरांना उठून दुसरीकडे जावं लागलं. वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ मात्र तिथेच राहिलं. पावसाळ्यात ते पाण्याखाली बुडतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देऊळ पुन्हा बाहेर येतं! लोक मग चिखल तुडवत दर्शनाला जातात.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. एक शर्यत!

लोहगडाच्या धारेवर पावसाचे दोन थेंब पडले. अगदी शेजारी-शेजारी. एक घरंगळला उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. उत्तरेचा गेला इंद्रायणीत. दक्षिणेचा गेला पवनेत.

दोघांनाही समुद्र गाठायचाय. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत 65 किलोमीटरच्या आसपास. जवळच की! पण अंदाज कर, ते कुठे जातात? उलट दिशेला, पार बंगालच्या उपसागरात! नद्यांच्या वाटेने हजार किलोमीटरहून लांब! कारण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. थेंबाला काय, जिकडे उतार तिकडे तो.

इंद्रायणीतला थेंब कामशेतहून देहूला येतो. मग आपल्या महाळुंग्याच्या बाजूने पुढे आळंदी, आणि तुळापूरला भीमेला मिळतो. पवनेतला थेंब चिंचवडवरून दापोडीला मुळेत, पुण्यात मुठेशी गट्टी, आणि मग तोही भीमेत! शेजारी पडलेले दोघे इतका फेरफटका मारून एकाच नदीत भेटतात. आणि तीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा म्हणवते. इंद्रायणीचा थेंब तर वारीला निघाल्यासारखा देहू-आळंदीवरून पंढरीला!

पण शर्यत जिंकतं कोण? मी इंद्रायणीच्या थेंबावर पैज लावीन. त्याला अडवणारं कमी. पवनेच्या थेंबाला आधी धरणात थांबावं लागतं. कधी महिनोन्‌महिने! दार उघडून सोडलं की तो नदीतून धावतो, तर रावेतच्या बंधाऱ्याशी पंप वाट बघत उभेच. तिथून उचलला की निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात, आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळांत. एखाद्या मावशीने त्याला वरणाच्या कुकरमध्ये घातलं, तर तो शिट्टीतून थेट आभाळात! त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!